हौसेची गाडी आणि सामाईक चूल

मोटारगाड्यांच्या विषयाला या पृष्ठांवर फारसें स्थान मिळत नाहीं. परंतु हिंगोलीहून एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे, आणि त्यांतील प्रश्न वरवर पाहतां यंत्राचा असला तरी मुळांत तो कुटुंबाचा आहे. म्हणून या महिन्यांत आम्ही तोच हातीं घेत आहों.

भगिनी लिहितात, घर एकत्र आहे. मामंजी, सासूबाई, तीन भाऊ, त्यांच्या बायका व मुलें असा भरला संसार. धाकट्या भावजींचा मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन पुण्याकडील एका मोठ्या मोटार कारखान्यांत सहा वर्षें काम करीत आहे. खातें रोजच्या वापराच्या गाड्यांचें, पगार चांगला, बढतीहि जवळ आलेली. आतां त्याच कारखान्यानें एक लहानसें खातें काढलें असून तेथें थोड्या, वेगवान, हौशी लोकांसाठींच्या गाड्या तयार व्हावयाच्या आहेत. मुलास तेथें बोलावणें आलें आहे आणि त्याचें मन तिकडेच ओढ घेत आहे. मामंजींचें म्हणणें असें कीं, जी वस्तु हजारांत एकाला लागते तिच्यावर उमेदीचीं वर्षें घालवूं नयेत. उद्यां तें खातें मिटलें तर काय? मुलगा म्हणतो, “आजोबा, मला जें शिकावयाचें आहे तें तेथेंच शिकतां येईल.” घरांत दोन पक्ष पडले आहेत. अशा गाड्यांस मोठ्या कारखान्यांच्या घरांत भवितव्य आहे कीं नाहीं, हें कोणी निःपक्षपातीपणें सांगेल काय, असा भगिनींचा प्रश्न आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हळद, सोयाबीन आणि कापूस यांचा हा मुलूख. मोटारीचा कारखाना येथें नाहीं. परंतु वसमत, कळमनुरी, सेनगांव, औंढा या भागांतील मुलें शिकून संभाजीनगर, पुणें, चाकण येथें यंत्रांच्या कामावर जातात. आणि तिकडे कारखान्याच्या बैठकींत एखाद्या गाडीचा निकाल लागला म्हणजे त्याचा धक्का इकडे घराच्या माजघरापर्यंत पोंचतो. तेव्हां हा प्रश्न केवळ शौकीन तरुणांचा आहे असें समजून वडील मंडळींनीं पान उलटूं नये, अशी आमची विनंती आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ज्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतात अशा हौसेच्या गाड्या दोन जातींच्या असतात. पहिली जात वेगळ्या चुलीची. तिचा सांगाडा निराळा, अंग निराळें, बहुधा आसनें दोनच. घरांतील इतर गाड्यांशीं तिचें साम्य फार थोडें. दुसरी जात सामाईक चुलीची. रोजच्या वापराची साधी गाडी घ्यावयाची, तिच्यांत अधिक जोराचें इंजिन बसवावयाचें, स्प्रिंगा ताठ करावयाच्या, ब्रेक सुधारावयाचे आणि तिला निराळें नांव द्यावयाचें. दोहोंचें भवितव्य एकच नाहीं, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं म्हणूनच या विषयावरील वाद निष्फळ होतात.

या भेदाचें कारण साधें गणित आहे. गाडी विकावयाची म्हणजे तिचे सांचे पाडावे लागतात, तिला टकरीच्या व धुराच्या सरकारी परीक्षा द्याव्या लागतात, दुरुस्ती करणारांस शिकवावें लागतें. हा खर्च गाडी एक निघाली तरी तितकाच, लाख निघाल्या तरी बहुतेक तितकाच. केवळ समजुतीसाठीं तो ५० कोटि रुपये धरूं. गाड्या एक लाख खपल्या तर प्रत्येकीच्या वांट्याला ५०० रुपये नव्हे, ५,००० रुपये येतात, आणि तेवढे गिऱ्हाइकास जाणवतहि नाहींत. त्याच गाड्या एक हजार खपल्या तर प्रत्येकीवर ५ लाख रुपयांचा बोजा बसतो. मग गाडी महाग होते, महाग झाली म्हणजे खप आणखी घटतो, आणि खप घटला म्हणजे पुन्हां बोजा वाढतो. वेगळी चूल मांडणाऱ्या बिऱ्हाडाला जें भाडें एकट्यानें भरावें लागतें तेंच हें. सामाईक चुलीवरच्या गाडीला मात्र सांचे, परीक्षा, सुटे भाग यांपैकीं पुष्कळसें घरचेंच मिळतें.

आतां आपल्याच मुलखांतील उदाहरणें पाहूं. हिंगोलीकरांस सर्वांत जवळचा मोटार कारखाना म्हणजे जालन्याच्या पलीकडे, छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रा येथें असलेला स्कोडाचा. या कारखान्याची ऑक्टेव्हिया ही सभ्य, प्रशस्त कुटुंबाची गाडी. आणि तिचेंच आर.एस. नांवाचें वेगवान भावंड २००४ च्या सुमारास भारतांत प्रथम आलें. २०१७ सालीं आलेल्या आर.एस.मध्यें २३० अश्वशक्तीचें इंजिन होतें आणि किंमत सुमारें साडेचोवीस लाख रुपये होती. पहिला सांठा पाहतां पाहतां संपला. २०२० सालीं तीच गाडी २४५ अश्वशक्तीची होऊन आली. परंतु या वेळीं ती परदेशांतून तयार आणली गेली, फक्त २०० आणली गेली, आणि किंमत ३६ लाखांच्या घरांत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्यें ती पुन्हां आली ती १०० गाड्यांपुरती, २६५ अश्वशक्तीची आणि सुमारें ५० लाखांची. त्याहि शंभर खपल्या. आठ वर्षांत किंमत दुप्पट झाली, संख्या शंभरावर आली, आणि इकडील कारागिराचा हात तिच्यावरून निघून गेला. गिऱ्हाईक नाहींसें झालें असें नाहीं. गिऱ्हाईक आहे, परंतु स्वयंपाक आतां दुसऱ्या गांवीं होतो आणि ताट तेवढें येथें वाढलें जातें.

असें होण्यास एक नियमहि कारणीभूत आहे. ज्या गाड्या युरोपांत किंवा जपानांत परीक्षा उतरलेल्या आहेत, त्या वर्षाला २,५०० पर्यंत येथील परीक्षेशिवाय आणण्याची मुभा सरकारनें २०१८ सालीं कारखानदारांस दिली. आयातीची जकात भरूनहि शंभर गाड्या आणणें सोपें आणि येथें हजार गाड्यांची सोय करणें कठीण, असा हिशेब झाला. फोक्सवॅगननेंहि २०२५ सालीं आपली प्रसिद्ध गॉल्फ जी.टी.आय. अशीच, १५० गाड्यांच्या बेतानें, ५३ लाखांना आणली.

दुसरें उदाहरण पुण्याजवळील रांजणगांवचें. फियाट कंपनीनें २०१५ सालीं आपल्या पुंटो या छोट्या गाडीला १४५ अश्वशक्तीचें इंजिन बसवून तिला अबार्थ हें आपल्या घराण्यांतील शर्यतीचें नांव दिलें आणि दहा लाखांच्या आंत विकावयास काढली. गाडी अस्सल होती, जाणकारांनीं तिची वाखाणणी केली, आणि ती सामाईक चुलीवरचीच होती. परंतु ज्या चुलीवर ती शिजत होती तीच विझत चालली होती. साध्या पुंटोलाच गिऱ्हाईक उरलें नव्हतें. पुढें २०२० चे धुराचे कडक नियम लागू होण्याच्या सुमारास फियाट नांवाच्या गाड्यांची येथील विक्री थांबली. त्याच रांजणगांवीं पुढें जीप नांवाच्या गाड्या तयार होऊं लागल्या, म्हणजे कारखाना जगला, अबार्थ मात्र गेली. यावरून बोध असा कीं, हौसेच्या गाडीची प्रकृति पाहण्यापूर्वीं तिच्या साध्या आईची प्रकृति पाहावी.

तिसरें उदाहरण टाटांच्या घराचें. आणि तें सर्वांत बोलकें आहे, कारण तेथें दोन्ही जातींचे प्रयोग झाले. २००० सालीं टाटांनीं एरिया नांवाची दोन आसनांची उघडी गाडी परदेशी प्रदर्शनांत मांडली. ती विक्रीस कधींच आली नाहीं. आणि गंमत अशी कीं २०१० सालीं तेंच नांव एका मोठ्या, तीन रांगांच्या कौटुंबिक गाडीला देण्यांत आलें. पुढें २०१७ च्या फेब्रुवारींत टॅमो नांवाची एक निराळी शाखा जाहीर झाली, आणि मार्चांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत तिची रेसमो ही चिमुकली दोन आसनी गाडी झळकली. १.२ लिटरचें टर्बो इंजिन आसनांच्या मागें बसविलेलें, शक्ति १९० अश्वांची, आणि शून्यापासून शंभर किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आंत गांठण्याचें अभिवचन! किती तरी तरुणांनीं तिचीं चित्रें जपून ठेवलीं असतील. परंतु ती वेगळ्या चुलीची होती. त्या वेळीं मुख्य घराची ओढाताण चालली होती, खर्चास कात्री लागली, आणि रेसमो बाजारांत आलीच नाहीं.

त्याच घरानें २०१८ च्या ऑक्टोबरांत दुसऱ्या जातीचा प्रयोग केला. कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्‌ज यांच्याशीं निम्म्या भागीनें एक कंपनी काढून टियागो व टिगोर या साध्या गाड्यांस ११४ अश्वशक्तीचें टर्बो इंजिन बसविलें आणि जे.टी.पी. हें नांव दिलें. साध्या टियागोची शक्ति ८५ होती. जे.टी.पी. टियागोची किंमत ६ लाख ३९ हजार. म्हणजे मध्यम स्थितींतील नोकरदार तरुणाच्या आवांक्यांतील खरीखुरी चपळ गाडी. परंतु एप्रिल २०२० मध्यें धुराचे नवे नियम लागू होतांच थोड्या गाड्यांसाठीं इंजिन पुन्हां सिद्ध करण्याचा खर्च कोणास परवडला नाहीं, आणि हीहि गाडी दीड वर्षांत बंद पडली. मात्र येथें कथा संपत नाहीं. जून २०२४ मध्यें टाटांनीं अल्ट्रोझ रेसर काढली, तिलाहि १.२ लिटरचें १२० अश्वशक्तीचें टर्बो इंजिन. वेगळी चूल एकदां विझली ती विझलीच. सामाईक चुलीवरचा पदार्थ बंद पडला तरी कृति घरांत राहिली, आणि निराळ्या नांवानें पुन्हां ताटांत आली.

या सर्वांचा दोष कित्येक लोक सरकारच्या इंधनविषयक सरासरीच्या नियमाला देतात. २०१७ पासून प्रत्येक कारखान्याच्या सर्व गाड्या मिळून सरासरी किती धूर सोडावा याची मर्यादा बांधलेली असून २०२२ पासून ती अधिक कडक झाली आहे. परंतु ही सरासरी खपाच्या प्रमाणांत काढतात, हें ध्यानांत घ्यावें. समजा, एका कारखान्याच्या लाख गाड्या किलोमीटरमागें ११० ग्रॅम वायु सोडतात आणि हजार गाड्या १७० ग्रॅम सोडतात. तर एकंदर सरासरी ११० वरून ११०.६ च्या आंतच राहते. तेव्हां हजार गाड्यांनीं घराचा हिशेब बुडतो असें म्हणतां येत नाहीं. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपर्यंत लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरांपर्यंत पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांस १८ टक्के, व त्याहून मोठ्यांस ४० टक्के कर झाला. म्हणजे सरकार गाडीचें आकारमान मोजतें, शक्ति मोजीत नाहीं. लहान आणि जोरदार गाडीस हा नियम अनुकूलच आहे. खरा शत्रु नियम नव्हे. खरा शत्रु म्हणजे अडचणीच्या वर्षीं घरांतील हौसेवर प्रथम हात टाकण्याची वृत्ति. ‘घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें’ ही म्हण कारखान्याच्या हिशेबनिसास चांगली पाठ असते, आणि घोडें बाहेर काढण्यास त्याला फार वेळ लागत नाहीं.

मग या प्रकारचें कांहींच टिकत नाहीं काय? टिकतें. नाशिकच्या महिंद्र कारखान्याची थार पाहा. ती शर्यतीची गाडी नव्हे, डोंगरवाटांची आहे. परंतु गरजेपेक्षां हौसेवर विकली जाणारी गाडी या अर्थानें ती याच पंक्तींत बसते. १९४७ पासून या घराण्यानें जीपगाड्या जोडल्या. त्या परंपरेंतील थार २०१० सालीं आली आणि कित्येक वर्षें थोड्या लोकांचीच राहिली. घरानें तिला टाकलें नाहीं, परंतु तिच्यासाठीं वेगळी चूलहि मांडली नाहीं. इंजिनें घरच्याच इतर गाड्यांबरोबर वांटून घेतलीं. २०२० सालीं तिचें नवें रूप आलें आणि मागणी इतकी वाढली कीं गिऱ्हाइकांस महिनोगणती वाट पाहावी लागली. २०२४ सालीं आणखी दोन दारें लावून थार रॉक्स झाली, आणि जी हौस होती तीच घराचें उत्पन्न झाली. चौदा वर्षांच्या धीराचें हें फळ आहे.

परदेशांतहि हाच अनुभव दिसतो. जपानांतील माझदा ही जगांतील मोठ्या कंपन्यांत गणली जात नाहीं; तरी तिनें १९८९ सालीं काढलेली एम.एक्स.-५ ही दोन आसनी गाडी चार पिढ्या चालविली आणि २०१६ सालीं दहा लाखावी गाडी तयार केली. टोयोटानें एकट्यानें खर्च न सोसतां सुबारूशीं भागी केली आणि २०१२ पासून दोघांच्या जुळ्या गाड्या सुबारूच्याच कारखान्यांत होऊं लागल्या. फियाटनें २०१६ सालीं आपली उघडी गाडी माझदाच्या सांगाड्यावर हिरोशिमांत करवून घेतली. याच्या उलट, गॉल्फच्या घरगुती सांगाड्यावर जन्मलेली औडीची टी.टी. पंचवीस वर्षें मिरवून २०२३ सालीं बंद झाली, आणि निसानची जी.टी.-आर. अठरा वर्षांनंतर ऑगस्ट २०२५ मध्यें थांबली. म्हणजे भागी आणि सामाईक चूल यांनीं आयुष्य वाढतें. अमरत्व कोणासच मिळत नाहीं.

आतां एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, आणि तो आमच्या मतें सर्वांत गंभीर आहे. आजवर हौसेच्या गाडीची प्रतिष्ठा तिच्या वेगांत होती. विजेच्या गाड्यांनीं तो वेग घरोघरचा केला. चाकणला तयार होणारी महिंद्रांची बी.ई. ६ ही पांच माणसांची गाडी शून्यापासून शंभराचा वेग ६.७ सेकंदांत गांठते असें कंपनी सांगते. टाटांच्या २०२५ सालच्या विजेवरील हॅरियरच्या बाबतींत ६.३ सेकंदांचा दावा आहे. रेसमो ज्या सहा सेकंदांचें स्वप्न दाखवीत होती त्याच्या जवळपास आतां आजीआजोबांस घेऊन औंढ्याच्या दर्शनास जाणारी गाडी पोंचली आहे. आणि इतका वेग वापरावयाचा कोठें? शेजारच्या वाशीम जिल्ह्यांतून गेलेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. त्यावरहि मोटारीस १२० ची मर्यादा आहे. अकोल्याहून हिंगोलीवरून नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावर तर हळदीच्या पोत्यांनीं भरलेले ट्रॅक्टर पुढें असतात, आणि तेथें वेगाचा मोह धरणारा माणूस आपल्याबरोबर दुसऱ्याचेंहि घर उघड्यावर आणतो. या बाबतींत मामंजींच्या मनांतील भीति रास्त आहे आणि तरुणांनीं तिला हंसूं नये.

वेग सर्वांचा झाला म्हणजे हौसेच्या गाडीपाशीं काय उरतें? आमच्या मतें तिची खरी विद्या उरते. वजन कमी ठेवणें, चाकाची पकड न सुटूं देणें, ब्रेक तापूनहि दगा न देणें, आणि सुकाणूच्या द्वारें रस्त्याची बातमी हातास पोंचविणें ही ती विद्या होय. विजेच्या गाड्यांत बॅटरीमुळें वजन फार वाढतें, म्हणून हलकेपणाची विद्या पुढें अधिकच मोलाची होणार आहे. टोयोटाच्या घरानें लेक्सस एल.एफ.ए. ही गाडी २०१० ते २०१२ या काळांत फक्त ५०० तयार केली. पैशाच्या दृष्टीनें तो व्यवहार फायद्याचा नव्हता. परंतु कार्बनच्या धाग्यांनीं सांगाडा विणण्याची कला त्या घरास साध्य झाली. लहान खात्याचें खरें उत्पन्न हें असें, दुसऱ्या वहींत जमा होणारें असतें.

तेव्हां भवितव्याविषयीं आमचें मत असें आहे. आपल्या देशांतील मोठ्या कारखान्यांत वेगळ्या चुलीची दोन आसनी गाडी नजीकच्या काळांत टिकाव धरील असें दिसत नाहीं. परदेशी नामांकित गाड्या शंभर-दोनशेंच्या मोजमापानें येत राहतील, त्या श्रीमंतांच्या. सामान्य हौशी माणसाच्या वांट्याला येईल ती घरच्याच साध्या गाडीची चपळ बहीण. ती मधून मधून बंद पडेल, नांव बदलेल, विजेवर चालूं लागेल, परंतु पुन्हां पुन्हां येईल. या तिसऱ्या प्रकारांतच आपल्या इकडील कारागिरास खरें काम आहे.

कारखानदारांसहि येथें एक शब्द सांगावासा वाटतो. अशी गाडी घेणारा माणूस सामान्य गिऱ्हाइकापेक्षां अधिक विश्वास टाकून ती घेतो. दीड वर्षांत गाडी बंद झाली तर निराळ्या स्प्रिंगा, निराळे भाग यांसाठीं त्यानें कोणाच्या दारीं जावें? गाडी विकतेवेळींच तिचे विशेष भाग किती वर्षें मिळतील हें कारखान्यानें लेखी जाहीर करावें. लग्न थाटानें लावून देऊन मुलीची पुढें चौकशी न करणाऱ्या घरास कोणी चांगलें म्हणत नाहीं.

आतां आमच्या वाचकभगिनींस. आपल्या पुतण्यानें तें काम स्वीकारावें असें आम्हांस वाटतें. परंतु डोळे उघडे ठेवून. होकार देण्यापूर्वीं त्यानें आपल्या वरिष्ठांस तीन गोष्टी विचाराव्या. या खात्याचा खर्च किती वर्षांसाठीं मंजूर आहे? त्यांतील गाडीचें इंजिन आणि सांगाडा घरच्या कोणत्या साध्या गाडीचे आहेत, आणि त्या साध्या गाडीचा खप कसा आहे? खातें मिटलें तर माणसांस मूळ खात्यांत त्याच पायरीवर परत घेतील काय, आणि तें लिहून देतील काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील आणि तिसऱ्याचें मिळतच नसेल, तर मामंजींचा सल्ला मानावा. तिन्ही उत्तरें बरीं असतील तर तीन वर्षांची मुदत घालून जावें. या मुदतींत घरखर्चांतील आपला वांटा त्यानें कमी करूं नये, कारण आपल्या हौसेची किंमत इतरांच्या ताटांतून काढणें योग्य नव्हे. आणि तेथें त्यानें ब्रेक, वजन, बॅटरीची गरमी अशा विषयांत हात बसवावा. कारण गाडी गेली तरी ही विद्या कोणत्याहि खात्यांत चालते.

मामंजींसहि आमची नम्र विनंती आहे. आपल्या पिढीनें एकत्र कुटुंबाचा कारभार पाहिला आहे. एक भाऊ शेत पाहीं, दुसरा नोकरी करी, म्हणूनच तिसऱ्यास शास्त्राध्ययनांत किंवा गायनांत दहा वर्षें घालवितां येत. त्याच्या हातून धान्याची कणगी भरत नसे. परंतु पुढें घराण्यास नांव मिळालें तें पुष्कळदां त्याच्यामुळें. मोठा कारखाना हेंहि एक एकत्र कुटुंबच आहे. त्यांतील लहान खातें जगवावें कीं मिटवावें हें आपल्या हातीं नाहीं. परंतु जो मुलगा तेथें शिकावयास निघाला आहे, त्याच्या पाठीशीं तीन वर्षें उभें राहावें कीं नाहीं हें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.

ज्या वाचकांच्या घरांतील मुलांनीं कोणत्याहि कारखान्याच्या अशा लहान खात्यांत काम केलें असेल, आणि विशेषतः ज्यांचें खातें मधेंच मिटलें असेल, त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. नांवें छापलीं जाणार नाहींत. उपयुक्त वाटतील त्या पत्रांचा सारांश आम्ही याच सदरांत देऊं.